शीर

महापे, गाळा नंबर एकशे चौदा.
खाली छत्र्यांच्या काड्या वाकवतात, वर आम्ही.
शुक्रवारी वीज बंद असते,
म्हणून शुक्रवार बॅटरीच्या चाचणीचा.

टेबलावर नखाएवढी चकती,
पांढरी, चिनीमातीची असावी तशी;
वीज दिली की थरथरते
सेकंदाला हजारो वेळा.
तिच्यावर कुपी, कुपीत थुंकी,
घट्ट, चिवट, तार सुटणारी
(इथे कुणी नाक मुरडत नाही, आम्ही तिला नमुना म्हणतो),
आणि थुंकीत तो,
मेणाचं चिलखत चढवून बसलेला जंतू.
त्याला फोडायचं
आणि आतला धागा सुखरूप बाहेर काढायचा.
रसायन नको, फ्रिज नको, गरगर फिरणारं यंत्र नको.
ज्या पाड्यावर ही पेटी जाईल
तिथे टेबल म्हणजे शाळेचा बाक.

पहिली चकती तडकली.
दुसरीने कुपीतलं सगळं शिजवलं.
तिसरीच्या वेळी दाराशी झोपलेला वॉशर,
आमचा कुत्रा, नाव व्हिन्सेंटने ठेवलेलं,
कान टवकारून उठला
आणि थेट रस्त्यापलीकडे पळाला.
आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.
त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला:
वारंवारता, व्होल्ट, तापमान, वॉशर.

"जोर वाढवू," व्हिन्सेंट म्हणाला.
सगळे हेच म्हणतात.

माझा बाप तुर्भ्याच्या खाणीवर होता, यल्लप्पा.
तो म्हणायचा, जोर काय, गाढवालाही असतो.
दगडाला शीर असते.
ओला हात फिरव, टाकीने टिचक्या मार, कान लाव.
आवाज बदलला की समज,
इथे तो उलायला तयार आहे.
मी आठ वर्षांची होते.
एका घावात फाकला माझ्या हातून दगड,
आत कोरडा, निळसर,
जन्मात ऊन न पाहिलेला.

धूळ त्याच्या छातीत राहिली.
चार महिने, तीन दवाखाने,
धूळ आहे, दमा आहे, पुढच्या बुधवारी या.
थुंकीची डबी घेऊन मी दोनदा वाशीला गेले,
दुसऱ्यांदा ती बसमध्ये सांडली.
कुणी काही बोललं नाही. फक्त सरकले.
रिपोर्ट आला तेव्हा त्याच्या चपला
आम्ही कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

म्हणून मी जोर वाढवला नाही.
रात्री एकेक पाऊल सरकत गेले,
चकतीवर, कुपीवर, थुंकीवर कान ठेवल्यासारखी.
अडुसष्ट हजारांच्या जरा अलीकडे
करंटची रेषा उसळली;
कुपीत धुक्याचा एक झोत उठला नि विरला.
बावीस सेकंद.
कुपी थंड होती.
वॉशर घोरत होता.

मार्चमध्ये पेटी घेऊन गेलो तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात.
निलोफर तिथली लॅब सांभाळते.
तिने बटण दाबलं, थांबली.
"बंद आहे का?"
चालू आहे.
"मग आवाज?"
मी सांगितलं, तो माणसाच्या कानापलीकडचा आहे,
सव्वा वर्ष लागलं तिथे न्यायला.
"ते ठीक. पण त्या बाईला काय सांगू?
तिला वाटणार, आपली थुंकी नुसती पडून आहे."
बाकावरची बाई पदर तोंडाशी धरून
खरंच पेटीकडेच बघत होती.

व्हिन्सेंट वैतागला. वर्षभर गप्प केली,
आता म्हणे बोलती करा!
मी पीप-पीप नको म्हटलं,
ती ऐकली की माणसं घड्याळाकडे बघतात.
दर सेकंदाला एक बारीक ठोका घातला,
लोखंडाने दगडाला काही विचारावं तसा.
टक्. टक्.
बावीस वेळा.
वॉशर उठला, थोडा वेळ ऐकलं,
पुन्हा आडवा झाला.

डिझाइनच्या फाइलीत
'बदलाचं कारण' असा रकाना असतो.
तिथे मी लिहिलं:
वापरणाऱ्यांची सूचना.